दाण्याच्या पोटातलं आपल्या पोटात

मुंबईत डिलाईल रोडला सकाळी भाजीवालीच्या कोथिंबीर-कढीपत्त्याशेजारी, परातीत ओल्या फडक्याखाली मोड आलेली कडधान्यं झाकलेली असतात. मूग, मटकी, चवळी, आणि वेळेत पोचलात तर सोललेले कडवे वाल. या वालांचा वाटा मुगाच्या वाट्याहून लहान आणि भावाने जास्त. घासाघीस केली तर उत्तर मिळतं, “तुम्ही सोलून बघा.”

उत्तर रास्त आहे. वाल रात्री भिजत घालायचे, सकाळी उपसून फडक्यात बांधायचे, उबेला ठेवायचे. दीड-दोन दिवसांत मोड फुटतो. मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा. डाळिंबी सटकन ताटात उडते, साल बोटांत राहते. किलोभर वाल म्हणजे अर्धी दुपार गेली. त्याची होते उसळ: ओलं खोबरं, गूळ, दोन-चार आमसुलं. खाणारा दहा मिनिटांत हात धुऊन मोकळा.

हा खटाटोप चवीपायी, असं आपण समजून चालतो. वालाचा कडवटपणा सालीबरोबर बराच जातो, हे खरंच आहे. मला थक्क करते ती दुसरीच गोष्ट. भिजवणं, मोड आणणं, सोलणं, शिजवणं, आमसूल घालणं यांतल्या प्रत्येक पायरीवर दाण्याच्या आत काय घडतं ते शास्त्राला कळायला विसावं शतक उजाडलं, आणि कळलं तेव्हा दिसलं की जवळपास प्रत्येक पायरी आतला एकेक अडसर काढते आहे. अन्नात काय आहे हा एक हिशेब. त्यातलं अंगी किती लागतं हा दुसरा. या दोन हिशेबांत कधी कधी निम्म्याची तफावत पडते.

मुळात दाणा आपल्यासाठी बनलेलाच नाही. ती एका रोपट्याची शिदोरी आहे. पाऊस पडेपर्यंत किडे, पाखरं, उंदीर यांनी ती फस्त करू नये म्हणून वनस्पतीने तिचा चोख बंदोबस्त केलेला असतो, आणि उंदरासाठी केलेला बंदोबस्त माणसालाही लागू पडतो.

पहिला बंदोबस्त प्रथिनांचा. आपल्या लहान आतड्यात ट्रिप्सिन नावाचं विकर असतं. प्रथिनांच्या लांब साखळ्या ते ठरावीक जागी कापतं. कडधान्यांमध्ये असं एक छोटं प्रथिन असतं, जे ट्रिप्सिनच्या कापायच्या खोबणीतच जाऊन घट्ट बसतं. ट्रिप्सिन निकामी. स्वादुपिंडाला वाटतं, विकर कमी पडलं. ते आणखी पाझरतं. विकर म्हणजेसुद्धा प्रथिनच, तेही वाया जातं. म्हणजे कच्चं कडधान्य खाणारा प्राणी मिळवतो थोडं आणि गमावतो जास्त. अमेरिकेत ऑस्बर्न आणि मेंडेल यांनी १९१७ साली दाखवलं की कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते, आणि तेच सोयाबीन शिजवून दिलं की ते वाढू लागतात. आचेने त्या आडमुठ्या प्रथिनाची घडी मोडते आणि ते खोबणीत बसेनासं होतं. कुकरच्या तीन शिट्ट्या मऊपणासाठी आपण मोजतो. हे काम त्यांतच उरकतं. राजम्याच्या बाबतीत तर हा जिवाशी खेळ आहे: त्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन नीट उकळल्याशिवाय मरत नाही, आणि अर्धाकच्चा राजमा मूठभर खाल्ला तरी उलट्या सुरू होतात.

दुसरा बंदोबस्त सालीतला. रंगीत सालींमध्ये टॅनिन असतात, तेच तुरट द्रव्य जे कच्च्या सुपारीत जीभ ओढतं. टॅनिन प्रथिनांना चिकटतात, लोहालाही चिकटतात. वाल सोलणारी बाई ते एकगठ्ठा केराच्या टोपलीत टाकते.

तिसरा बंदोबस्त सर्वांत चलाख, कारण तो बंदोबस्त म्हणून केलेलाच नाही. रोपट्याला फॉस्फरस लागतो. वनस्पती तो दाण्यात फायटिक आम्लाच्या रूपात साठवते: सहा कार्बनचं एक कडं आणि प्रत्येक कार्बनवर एकेक फॉस्फेट. पिकल्या दाण्यातला निम्म्याहून बराच जास्त फॉस्फरस याच रूपात असतो. सहाही फॉस्फेटांवर ऋण भार, म्हणून लोह, जस्त, कॅल्शियम असे धन भाराचे जे कोणी जवळ येतील त्यांना ते धरून ठेवतं. रोपट्याची त्याबद्दल तक्रार नाही, त्याला हे सगळंच हवं आहे. पण आपल्या आतड्यात हे फॉस्फेट तोडणारं विकर जवळजवळ नाहीच. त्यामुळे डाळीतलं लोह आपल्या पोटातून प्रवास करतं आणि बरंचसं तसंच बाहेर पडतं.

हे विकर, फायटेज, खुद्द दाण्याकडे असतं. कोरड्या दाण्यात ते निपचित पडलेलं असतं. पाणी लागलं, जरा ऊब मिळाली की ते जागं होतं आणि कड्यावरचे फॉस्फेट एकेक करून तोडायला लागतं, कारण आता रोपट्याला जेवायचं असतं. प्रथिनं तोडणारी विकरंही त्याच सुमारास कामाला लागतात. फडक्यात बांधलेल्या वालाच्या आत दीड दिवस हीच धांदल चाललेली असते. रोपटं आपली शिदोरी उघडून बसतं, आणि पहिला घास घ्यायच्या आत आपण ताट ओढून घेतो. स्वयंपाकाच्या इतिहासात याहून थंड डोक्याची चोरी मला माहीत नाही.

इथे एक खोडा आहे, तो सांगितलाच पाहिजे. हल्ली मोडाच्या कडधान्यांना अमृताच्या पंक्तीला बसवायची पद्धत आहे. मोड आल्याने फायटेट, म्हणजे दाण्यातलं ते फायटिक आम्ल, घटतं, पण एक-दोन दिवसांत ते संपत नाही. आणि लोहाच्या बाबतीत थोडं घटून भागत नाही: फायटेट बरंच खाली उतरेपर्यंत लोहाचं शोषण म्हणावं तसं वाढत नाही. मग मोडाचा उपयोग काय? एक उपयोग अगदी वेगळ्या वाटेने येतो. सुक्या कडधान्यात क जीवनसत्त्व नसल्यातच जमा असतं. मोड येताना दाणा ते स्वतः बनवतो. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवलं. त्याच युद्धात सहाव्या पुणे डिव्हिजनची फौज डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ पर्यंत मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराला वेढ्यात अडकली होती. हिंदी शिपायांना क जीवनसत्त्वाच्या अभावाच्या स्कर्व्हीने गाठलं, गोऱ्यांना ब-१ च्या अभावाच्या बेरीबेरीने. वेढा एकच होता. गोरे पांढऱ्या पिठाचा पाव खात होते, हिंदी शिपायांना कणीक होती पण ताजं काहीच नव्हतं, आणि धर्मापोटी घोड्याचं मांस त्यांच्यातले बहुतेक जण बरेच दिवस शिवले नाहीत. अख्ख्या कडधान्याचं पोतं आणि हंडाभर स्वच्छ पाणी हाताशी असतं, तर स्कर्व्हीवरचं औषध त्या पोत्यातच उगवलं असतं.

आता प्रथिनांचा हिशेब माणसाच्या पोटात प्रत्यक्ष कसा मोजायचा? ही साधी वाटणारी गोष्ट फार अवघड आहे. खाल्लेलं प्रथिन आणि मलातून गेलेलं प्रथिन यांची वजाबाकी पुरत नाही, कारण मोठ्या आतड्यातले जंतू मधल्या मध्ये आपलं उखळ पांढरं करून घेतात. बंगळुरूच्या सेंट जॉन्स रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या शास्त्रज्ञांनी यावर जी युक्ती वापरली ती ऐकून मी जरा वेळ गप्पच झालो. त्यांनी कडधान्याच्या रोपांना जड पाणी घातलं, म्हणजे ज्यात साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम आहे असं पाणी. रोपांनी ते पिऊन जे दाणे धरले, त्यांच्या प्रथिनांवर जन्मापासूनची खूण बसली. ते कडधान्य शिजवून माणसांना थोडं थोडं करून काही तास खाऊ घातलं. सोबत दुसऱ्या एका प्रथिनाची ओळखीची मात्रा दिली, ज्याच्यावर जड कार्बनची खूण होती आणि ज्याची पचनीयता आधीच माहीत होती. मग रक्तात दोन्ही खुणा कोणत्या प्रमाणात उतरतात ते पाहिलं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत हरभरा ७५ टक्क्यांच्या आसपास होता, आणि अख्खा मूग सुमारे ६३ टक्क्यांवर. मुगाची साल काढली की आकडा ७१ च्या घरात गेला. त्याच पद्धतीने मोजलेलं अंडं आणि कोंबडीचं मांस ९० च्या आजूबाजूला आहेत. म्हणजे आजाऱ्याला सालाचे मूग न देता मुगाच्या डाळीचं कढण देण्याची आपली रीत आठ टक्क्यांची होती. प्रोटीनच्या पाकिटावर ग्रॅम छापलेले असतात, हा आकडा नसतो.

आतापर्यंत पाणी आणि आच आपल्या बाजूने होती. आता अशा एका धान्याकडे वळू ज्याच्यावर नेमका उलटा परिणाम होतो, आणि ते धान्य घाटावरच्या माणसाचं रोजचं आहे. हा माणूस डिलाईल रोडच्या चाळींतही होता.

डिलाईल रोडला लागून बी. डी. डी. चाळी उभ्या राहिल्या त्या १९२० च्या दशकात. इथल्या ३२ इमारती, १६० चौरस फुटांची एकेक खोली, आणि अशा एकेका खोलीत एका गावचे पंधरा-वीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपायचे. बायका-मुलं गावी. मग जेवण खानावळीत. खानावळ म्हणजे दुकान नव्हे, बहुतेकदा शेजारच्या खोलीतली एखादी बाईच, जिच्या स्टोव्हवर पंधरा-वीस जणांचं रांधलं जायचं. सकाळी पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी डबे भरायचे, हिशेब महिन्याचा, उधारी पगारापर्यंत. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांना सावकारापासून सोडवून बँकेच्या दारात नेण्यासाठी. १८ जानेवारी १९८२ ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, गिरण्या थंडावल्या आणि त्यांच्यामागोमाग खानावळीही ओसरल्या. रस्त्याला आता कामगार चळवळीतल्या ना. म. जोशींचं नाव आहे. तोंडी मात्र डिलाईल रोडच.

कोकणातल्या गड्याला भात आणि तांदळाची भाकरी, सातारा-सांगलीकडच्याला ज्वारीची. ज्वारी हे मोठं कोडं निघालं. १९८१ साली पेरूमधल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष आले: कुपोषणातून सावरणाऱ्या लहान मुलांना अख्ख्या ज्वारीच्या पिठाची शिजवलेली पेज दिली होती, आणि त्यांनी तिच्यातली जेमतेम ४६ टक्के प्रथिनं पचवली होती. गहू, मका, तांदूळ यांचे आकडे बरेच वर होते. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात जॉन ॲक्सटेल आणि सहकाऱ्यांनी ज्वारीचं पीठ परीक्षानळीत पेप्सिन या जठरातल्या विकरासोबत ठेवलं. कच्च्या पिठातली प्रथिनं तीन-चतुर्थांशाहून जास्त पचली. तेच पीठ पाण्यात शिजवून घेतलं, तर आकडा निम्म्यावर घसरला. शिजवल्याने अन्न पचायला सोपं होतं, या आपल्या सगळ्यांच्या समजुतीला छेद देणारी ही गोष्ट.

कारण दाण्याच्या फार आतलं आहे. ज्वारीचं मुख्य प्रथिन काफिरिन. ते दाण्यात इवल्याशा गोळ्यांच्या रूपात असतं, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतील अशा. गोळीच्या गाभ्यात एका जातीचं काफिरिन, सहज पचणारं. भोवतालच्या कवचात दुसऱ्या जातींचं, ज्यांत गंधक भरपूर. ओलसर आच लागली की कवचातले गंधकाचे अणू एकमेकांशी हात मिळवतात आणि गोळीभोवती घट्ट जाळं विणलं जातं. पेप्सिनला आत शिरायला वाट उरत नाही. चुलीवर ज्वारीच्या कण्या तासभर रटरटत असतात तेव्हा बाहेर स्टार्च फुलून मऊ होत असतं आणि आत प्रथिनांचे दरवाजे एकेक करून लागत असतात.

यावरचा उतारा पर्ड्यूच्या मंडळींना सुदानमध्ये सापडला. तिथे ज्वारीचं पीठ आंबवून त्याच्या पातळ पोळ्या करतात, आणि त्या आंबवलेल्या पदार्थांतली प्रथिनं पुष्कळ जास्त पचत होती. आपल्याकडे पीठ रात्रभर ताकात कालवून ठेवायचं आणि सकाळी आंबील करायची, ती आंबील त्याच कुळातली. आंबवताना जंतू आम्ल तयार करतात, प्रथिनं थोडी आधीच तुटतात, आणि फायटेजलाही सौम्य आंबट पाणी मानवतं, त्यामुळे खनिजंही सुटी होतात. नागपंचमीच्या लाह्यांनाही इथे जागा आहे: कढईत ज्वारी फुटते तेव्हा पाणी नावापुरतं असतं आणि आच काही क्षणांची, त्यामुळे उकडण्याइतकं नुकसान होत नाही. भाकरी उकडणं आणि लाह्या यांच्या मधे कुठेतरी. उकळतं पाणी घालून पीठ मळलं जातं, पण तव्यावर ती दोन-तीन मिनिटंच असते.

हे वाचून कुणी ज्वारी सोडली तर ते शहाणपण नव्हे. चार भाकऱ्या पिठल्याबरोबर खाणाऱ्या कामगाराला बेसनातून प्रथिनंही मिळतात आणि ज्वारीत तोकडं पडणारं लायसिन हे अमिनो आम्लही. घात होतो तो चिमुकल्या पोटाचा, ज्यात वाटीभर पेजेपलीकडे काही मावत नाही. तिथे प्रत्येक घास मोजूनच असतो. म्हणूनच नाचणीला मोड आणून, वाळवून, भाजून दळण्याची पद्धत मला फार हुशारीची वाटते. मोड आलेल्या धान्यातलं ॲमिलेज स्टार्चचे तुकडे करतं, खीर पातळ होते, आणि त्याच वाटीत दुप्पट पीठ बसवता येतं. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत (सीएफटीआरआय) या माल्टवर बरंच काम झालं. नाचणी दळून फडक्यातून गाळून काढतात ते सत्त्व वेगळं. ते गोरं आणि गुळगुळीत होतं खरं, पण १०० ग्रॅम नाचणीतलं साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपासचं कॅल्शियम बरंचसं सालीकडच्या भागात असतं, आणि गाळणीवर राहिलेल्या चोथ्याबरोबर ते जातं. बाळाला सत्त्व द्यायचं आणि चोथा कोंबड्यांना, हा व्यवहार कोंबड्यांच्या फायद्याचा आहे.

पर्ड्यूतच पुढे ज्वारीचा एक वेगळा वाण हाती लागला, ज्याच्या काफिरिनच्या गोळ्या गोल नसून घड्या पडलेल्या आहेत. कवच घड्यांच्या तळाशी गेलेलं, गाभा उघडा. हा शिजवला तरी चांगला पचतो. मात्र त्याचा दाणा मऊ, पिठूळ; बुरशीला तो लवकर बळी पडतो. आपल्याला पचायला सोपं ते बुरशीलाही सोपं.

आता रक्ताला लागणाऱ्या गोष्टींकडे. डिलाईल रोडवरून करी रोड स्टेशन ओलांडून परळच्या आचार्य दोंदे मार्गावर गेलं की हाफकिन संस्था लागते. १९२८ मध्ये लूसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर इथे दाखल झाली. मुंबईतल्या गरीब बायका, त्यांत कापड गिरण्यांत राबणाऱ्याही, गरोदरपणात पांढऱ्याफटक पडून मरत होत्या. त्यांच्या रक्तातल्या लाल पेशी कमी होत्या, पण आकाराने मोठ्या. लोह कमी पडलं तर पेशी लहान आणि फिक्या होतात. म्हणजे हे प्रकरण निराळं. विल्स यांनी मेहता आणि तळपदे या इथल्या सहकाऱ्यांबरोबर काम केलं. तळपद्यांबरोबरचा त्यांचा १९३० चा निबंध मुंबईच्या बायका काय खातात आणि कशा राहतात याच्या पाहणीवर आहे. विल्स यांनी तसाच निकस आहार आधी उंदरांना देऊन पाहिला, मग माकडांना. बऱ्याच गोष्टी करून थकल्यावर आजारी माकडाला मार्माइट दिलं आणि ते बरं झालं. मग बायकांना दिलं. त्याही बऱ्या झाल्या. १९३१ मध्ये हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलं. मार्माइटमधला तो अज्ञात घटक पुढची कित्येक वर्षं ‘विल्स फॅक्टर’ म्हणून ओळखला गेला. १९४१ मध्ये अमेरिकेत चार टन पालकातून तो वेगळा काढला तेव्हा त्याला फॉलिक ॲसिड हे नाव मिळालं. आज गरोदर बाईला पहिल्या तपासणीलाच जी गोळी लिहून दिली जाते तिचा एक धागा परळमध्ये आहे, आणि परळमध्येच ते फारसं कुणाला ठाऊक नाही.

मार्माइट हा काय पदार्थ आहे ते पाहा. दारूच्या कारखान्यात उरलेलं यीस्ट. त्याला मीठ आणि ऊब दिली की पेशी स्वतःच्याच विकरांनी स्वतःला पचवतात, फुटतात, आतला ऐवज बाहेर येतो. तो आटवला की काळं, खारट मार्माइट. भिजल्या वालात जे चालतं त्याचाच हा कारखानदारी अवतार, फक्त इथे पेशी पुढे जगत नाहीत. आंबवणाऱ्या जंतूंपैकी कित्येक फोलेट तयारही करतात. उलट भाजी भरपूर पाण्यात उकळून पाणी मोरीत ओतलं की फोलेटही मोरीत.

लोहाचं मात्र गोळीइतकं सरळ नाही. त्याचं शोषण ताटात शेजारी काय आहे यावर ठरतं. खानावळीतलं कोकणी गड्याचं ताट घ्या: भात, उसळ, सुकटीचं कालवण, कांदा. उसळीतलं लोह फायटेटच्या ताब्यात. सुकटीने इथे दोन कामं होतात. काट्याकवचासकट खाल्ल्यामुळे कॅल्शियम मिळतं. आणि मासे-मांस जेवणात असलं की शेजारच्या शाकाहारी पदार्थातलं लोहही जास्त शोषलं जातं. आमसुलातली आम्लं लोहाला विरघळलेलं ठेवायला मदत करतात, आणि आंबट कालवण लोखंडी कढईत केलं तर कढईचंही थोडं लोह उतरतं. ॲल्युमिनियमच्या टोपाने ही वरकड आमदनी बंद केली. लिंबू पिळायचं ते पानात, शिजताना नव्हे, कारण आचेने क जीवनसत्त्व जातं. आणि फायटेटच्या तावडीतून लोह सोडवायला हाताशी असलेलं सगळ्यात स्वस्त साधन तेच आहे.

गिरणगावच्या दुसऱ्या अन्नाबद्दल, पावाबद्दल, थोडक्यात सांगायचं तर यीस्टने फुगताना कणकेतलं फायटेट तुटतं, चपातीच्या कणकेला तेवढा वेळ मिळत नाही. १९६० च्या सुमारास इराणच्या शिराझमध्ये मूळच्या बिहारच्या आनंद प्रसाद यांनी वाढ खुंटलेले तरुण पाहिले, जे न फुगवलेल्या रोट्यांवर जगत होते. त्यातूनच माणसात जस्ताची कमतरता असते हे जगाला समजलं. पण म्हणून मुंबईच्या लादीपावाची आरती नको. मैद्यात फायटेट फारसं नाही कारण कोंडा नाही, आणि कोंड्याबरोबर जस्त आणि लोहही गेलेलं. फुगवलेला पाव कणकेचा असेल तरच हिशेब जुळतो.

आणि मग चहा. जेवण उरकलं की गिरणीच्या दारात चहा, पाळी संपली की चहा, झोप येऊ नये म्हणून रात्रपाळीत चहा. चहातले टॅनिन लोहाला धरतात. दक्षिण आफ्रिकेत १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पावातलं, भाताच्या जेवणातलं, इतकंच काय औषधी क्षारातलं लोहही चहासोबत दिल्यावर कमी शोषलं गेलं. स्वीडनच्या हालबर्ग आणि रोसांडर यांनी काही वर्षांनी मोजलं तेव्हा जेवणाबरोबरच्या चहाने शोषण निम्म्याहून जास्त घटलेलं निघालं, कॉफीने त्याहून कमी. तासाभराचं अंतर ठेवलं तर बरंचसं नुकसान टळतं, पण भोंगा तासभर थांबत नसे. दक्षिण आफ्रिकेच्या त्याच अभ्यासात एक अपवाद आहे. रक्तातलं हिमोग्लोबिन कच्चं दिलं तर चहाने त्यातल्याही लोहाला अडवलं. शिजवून दिलं तर चहाचं काही चाललं नाही. म्हणजे महिन्याच्या पगाराला रविवारी खानावळीत मटण झालं, त्यावर चहा ढोसून गडी झोपला, तरी मटणातलं लोह त्याला पचणार होतं. अडत होतं ते सोमवारच्या उसळीतलं.